पहिल्या तासातली दोन कामे

सकाळी अंगात कणकण आहे म्हणून शाळेत न गेलेले मूल त्याच रात्री अतिदक्षता विभागात मृत्यूशी झुंजत असावे, असे आजार फार थोडे आहेत. मेनिंगोकॉकसचा आजार त्यांतला एक. २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधल्या रुग्ण मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १६ वर्षांपर्यंतच्या ४४८ मुलांची माहिती गोळा करून संशोधकांनी या आजाराचा तासातासाचा हिशेब मांडला होता. पहिले चार ते सहा तास ताप, किरकिर, उलट्या, भूक नसणे याखेरीज फारसे काही दिसत नव्हते. आठ तासांच्या सुमारास पाय दुखणे, हातपाय गार पडणे, कातडीचा रंग बदलणे ही रक्तातल्या जंतुसंसर्गाची चिन्हे सुरू झाली. मान ताठणे, अंगावर लालजांभळे डाग येणे, शुद्ध हरपणे ही पाठ्यपुस्तकातली लक्षणे यायला १३ ते २२ तास लागले. तोवर फार उशीर झालेला असतो, कारण २४ तासांच्या आत मूल हातचे जाऊ शकते. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत रुग्णालयात पाठवलेली मुले होती जेमतेम निम्मी.

त्या डॉक्टरांना दोष देण्यासाठी हे सांगितलेले नाही. तापाच्या शेकडो मुलांत असे एखादेच मूल असते आणि पहिल्या सहा तासांत ते इतरांसारखेच दिसते. हा आजार ओळखायचा तर तो कोणाला होतो, कधी होतो, कोणाकडून येतो आणि रुग्णालयात पोचेपर्यंत त्याचे काय झालेले असते, याचे ज्ञान आधीपासून हाताशी लागते. रोगपरिस्थितीविज्ञान ते ज्ञान देते. प्रस्तुत पुस्तक रुग्णालयात दाखल झालेल्या मेनिंगोकॉकसच्या रुग्णांकडे या शास्त्राच्या नजरेने पाहते. मराठीत या विषयावर सलग असे लेखन नव्हते. ही उणीव लेखकांनी भरून काढली आहे आणि प्रस्तावना लिहिण्याचे काम मला दिले आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

आधी जंतूची ओळख. ‘नायसेरिया मेनिंजायटिडिस’, म्हणजेच मेनिंगोकॉकस, हा जंतू माणसाखेरीज कोणात राहत नाही. गाईगुरांत नाही, पाण्यात नाही, मातीतही नाही. त्याचे घर म्हणजे माणसाचे नाक आणि घसा. साधारण दहा माणसांमागे एकाच्या घशात तो कोणताही त्रास न देता राहतो. किशोरवयाच्या शेवटी, वसतिगृहे, बराकी आणि गर्दीच्या खोल्यांत राहण्याच्या वयात, हे प्रमाण सर्वांत जास्त असते. १८९६ साली कीफर यांनी आणि १९०१ साली आल्ब्रेख्ट व गोन यांनी निरोगी माणसेही या जंतूचे वाहक असतात हे दाखवले. रुग्णाला जंतू कोठून मिळाला याचा शोध त्यामुळे बहुतेक वेळा दुसऱ्या रुग्णापर्यंत जात नाही. तो ठणठणीत असलेल्या कोणा भावाशी, मित्राशी, खोलीतल्या सोबत्याशी येऊन थांबतो.

वाहक इतके आणि रुग्ण इतके थोडे, असे का? याचे उत्तर १९६९ साली अमेरिकी लष्करातल्या संशोधनातून मिळाले. गोल्डश्नायडर, गॉट्शलिच आणि आर्टेनस्टाइन यांनी नव्याने भरती झालेल्या जवानांचे रक्त आधीच साठवून ठेवले आणि पुढे कोण आजारी पडते याची वाट पाहिली. ज्यांच्या रक्तात जंतू मारणारी प्रतिपिंडे नव्हती, जवळजवळ तेच आजारी पडले. बहुतेकांच्या शरीरात घशातल्या निरुपद्रवी मुक्कामातूनच प्रतिकारशक्ती तयार होते. ती तयार होण्याआधीच जंतू रक्तात शिरला तर आजार होतो. आईकडून आलेली प्रतिपिंडे संपत आलेली आणि स्वतःची अजून तयार न झालेली तान्ही बाळे म्हणूनच सर्वांत जास्त सापडतात. याच गटाच्या संशोधनातून ए आणि सी या प्रकारांवरची पहिली परिणामकारक लस पुढे आली.

या जंतूच्या अंगावर शर्करेचे एक कवच असते आणि त्यावरून त्याचे १२ गट पडतात. ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स आणि वाय हे सहा गट जवळजवळ सगळ्या आजाराला कारणीभूत आहेत. लस गटानुसार बनते, म्हणून रुग्णाच्या शरीरात कोणता गट होता हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता उरत नाही. आरोग्य खात्याने कोणती लस विकत घ्यावी हे त्या उत्तरावर ठरते. बी गटाचे कवच माणसाच्या मज्जापेशींवरच्या एका शर्करेसारखे असल्याने शरीर त्याला परके मानत नाही. त्यामुळे त्या गटावरची लस यायला फार वेळ लागला. जंतूची संपूर्ण जनुकमाला वाचून, कवच सोडून इतर प्रथिने निवडावी लागली. अशी पहिली व्यापक लस युरोपात २०१३ साली मान्य झाली.

रुग्णालयात काही माणसे अशीही भेटतात की ज्यांचा धोका वयावर अवलंबून नसतो. थॅलेसेमियामुळे किंवा अपघातात प्लीहा काढलेले रुग्ण, एचआयव्हीबाधित आणि रक्तातल्या ‘कॉम्प्लिमेंट’ या संरक्षक साखळीतली शेवटची कडी जन्मतःच नसलेले लोक यांत येतात. एक्युलिझुमॅब हे औषध हीच साखळी मुद्दाम रोखते. काही दुर्मीळ आजारांत ते जीवदान ठरते, पण ते घेणाऱ्यांत मेनिंगोकॉकसच्या आजाराचा धोका हजारपटीहून अधिक वाढतो. ज्या विभागात हे औषध सुरू होते, त्या विभागाने आधी लस टोचली का, हे पाहणे आता उपचाराचाच भाग आहे.

आता या पुस्तकाच्या गाभ्याकडे वळतो.

तापाने फणफणलेला, मान ताठलेला पेशंट कॅज्युअल्टीत येतो तेव्हा पहिल्या तासात दोन कामे असतात. पहिले त्याचा जीव वाचवण्याचे, म्हणजे सेफ्ट्रियाक्सोनसारखे प्रतिजैविक ताबडतोब शिरेतून देण्याचे. दुसरे त्याच्या आजाराचा पुरावा मिळवण्याचे, म्हणजे रक्त आणि पाठीतले पाणी तपासणीला पाठवण्याचे. ही कामे एकमेकांच्या आड येतात. प्रतिजैविकाचा पहिला डोस शिरेतून गेला की दोनेक तासांत मेंदूभोवतालच्या याच पाण्यातला मेनिंगोकॉकस वाढेनासा होतो. पेशंटसाठी ती आनंदाची गोष्ट, पण प्रयोगशाळेचा अहवाल येतो ‘जंतूंची वाढ नाही’. आपल्याकडे तर रुग्ण मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत कोणीतरी एखादे इंजेक्शन दिलेलेच असते. मग केस पेपरवर ‘मेंदूज्वर’ एवढे लिहिले जाते, पेशंट बरा होऊन घरी जातो किंवा दगावतो, आणि तो आजार मेनिंगोकॉकसचा होता की न्यूमोकॉकस या दुसऱ्या जंतूचा, हे कायमचे अंधारात राहते.

या ओढाताणीवर लेखकांची भूमिका स्वच्छ आहे आणि ती मला पूर्णपणे पटते. तपासणीसाठी औषध लांबवायचे नाही. पण सुई शिरेत गेलेलीच असते, तिच्यातून औषध सोडण्याआधी कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या, बाटलीत रक्त घ्यायला दोन मिनिटे पुरतात. पाठीतले पाणी काढायला अडचण असेल तर ते नंतर काढावे. जंतू मेला तरी त्याचा जनुकीय अंश काही दिवस टिकतो आणि पीसीआर तपासणीत तो सापडतो, गटासकट. प्राथमिक आरोग्य केंद्रात बाटली नसेल तर इंजेक्शन देऊन पेशंट पुढे पाठवावा, आणि चिठ्ठीवर औषधाचे नाव व वेळ लिहावी. चिठ्ठीवरची ती वेळ वरच्या रुग्णालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला फार मोठी मदत करते.

पाठीतले पाणी काढण्याची पद्धत कील येथील हाइनरिश क्विंके यांनी १८९१ साली रूढ केली. त्याआधी चार वर्षे, १८८७ मध्ये, आंटोन व्हाइक्सेलबाउम यांनी व्हिएन्नात हा जंतू ओळखला होता. आजाराचे वर्णन त्याहून जुने, १८०५ सालचे, जिनिव्हातले, गास्पार व्ह्यूसो यांचे आहे. म्हणजे आजार, जंतू आणि जिवंत रुग्णात तो शोधण्याची वाट हे सगळे हाती यायला जवळजवळ नव्वद वर्षे लागली. आज ती वाट प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आहे. तरीही ती अडते, कारण नातेवाइकांच्या मनात ‘पाठीतले पाणी काढले की माणूस लुळा पडतो’ ही भीती घट्ट बसलेली असते. सही करायला ते कचरतात. त्यांना शांतपणे बसवून, सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली जाते हे चित्र काढून समजावणारा निवासी डॉक्टर रोगनिदानाला यंत्राइतकाच मोलाचा असतो.

सुई बरोबर जागी पोचली की थेंबामागून थेंब काचेच्या नळीत पडतो. निरोगी माणसाचे हे पाणी नितळ असते. मेनिंगोकॉकसच्या रुग्णाचे ते तांदळाच्या धुवणासारखे गढूळ दिसते. ग्रॅमच्या रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरले की पांढऱ्या पेशींच्या आत-बाहेर गुलाबी, जोडीजोडीने बसलेले, सपाट बाजू एकमेकींकडे केलेले जंतू दिसतात. हे पाहायला अर्धा तास पुरतो. पण इथेच एक चूक घडते आणि ती बहुधा चांगल्या हेतूने घडते. रात्री प्रयोगशाळा बंद असते, म्हणून नमुना खराब होऊ नये या काळजीने नळी फ्रिजमध्ये ठेवली जाते. बाकीच्या बऱ्याच नमुन्यांना ते चालते. मेनिंगोकॉकस गारठ्यात मरतो. कल्चरसाठीची नळी खोलीच्या तापमानाला ठेवून तासाभरात पोचवावी लागते. हा जंतू वाढवायला महागडी सामग्रीही लागत नाही. चॉकलेट अगार या पोषकद्रव्याची थाळी झाकणाच्या बरणीत ठेवायची, आत मेणबत्ती पेटवायची आणि झाकण लावायचे. ज्योत विझेपर्यंत बरणीत जेवढा कार्बन डायऑक्साइड साठतो तेवढा या जंतूला पुरतो. वॉर्डातल्या सिस्टर, नमुने नेणारे मामा-मावशी आणि तंत्रज्ञ यांच्यासाठी या पुस्तकात जे स्वतंत्र प्रकरण आहे, ते मला सर्वांत उपयोगी वाटते.

त्वचेवरचे डाग पाहतानाही चूक होऊ शकते. डागावर काचेचा पेला दाबला आणि डाग फिका झाला नाही तर ते रक्ताचे डाग आहेत आणि पेशंटला तातडीने हलवायला हवे. सावळ्या कातडीवर हे डाग चटकन दिसत नाहीत. तळहात, तळपाय, टाळू आणि पापणीची आतली बाजू पाहावी लागते. युरोपीय पुस्तकांतली गोऱ्या मुलांची छायाचित्रे पाहून शिकलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना हे वेगळे सांगायला हवे, आणि लेखकांनी ते सांगितले आहे.

प्रयोगशाळेतला हा पुरावा एका पेशंटपलीकडे कोणाच्या उपयोगी पडतो, याचे उत्तर दिल्लीने दिले आहे. दिल्लीत १९६६ साली ६१६ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले जवळपास २१ टक्के दगावले. १९८५ च्या साथीत ६,१३३ रुग्ण आणि ७९९ मृत्यू झाले. पुढे दोन दशके मोठी साथ आली नाही, आणि २००५ साली जुन्या दिल्लीच्या दाट वस्तीतून ती पुन्हा उठली. जंतू ए गटाचाच होता. पण या वेळी रुग्णालयांतल्या कल्चरमधून एक नवी गोष्ट कळली. संपर्कातल्या माणसांना देण्यासाठी जे औषध सर्वांत सोयीचे मानले जाई, त्या सिप्रोफ्लॉक्सासिनला हा जंतू दाद देत नव्हता. कल्चर झाले नसते तर निकामी गोळ्या वाटून आपण निर्धास्त राहिलो असतो. त्यानंतर २००८-०९ मध्ये मेघालय आणि त्रिपुरात साथ आली.

रुग्णालयातले आकडे वाचताना एक सावधगिरी लागते आणि लेखक ती जागोजागी बाळगतात. वॉर्डाच्या रजिस्टरमध्ये येतो तो दारापर्यंत पोचलेला रुग्ण. वाटेत दगावलेला त्यात नसतो. गावातल्या इंजेक्शनने वाचलेलाही नसतो. मृत्यूचे प्रमाण एका रुग्णालयात ५ टक्के आणि दुसऱ्यात २५ टक्के दिसले, तर दुसरे वाईट ठरत नाही. कदाचित तिथे सर्वांत दूरचे आणि सर्वांत उशिरा आलेले पेशंट येत असतील. उपचार मिळूनही या आजारात १० ते १५ टक्के रुग्ण जातात. वाचलेल्यांपैकी १० ते २० टक्क्यांना बहिरेपण, आकडी, बोटे किंवा पाय गमावणे, बुद्धीवर परिणाम असे काहीतरी कायमचे मागे राहते. डिस्चार्ज कार्डावर ‘बरा झाला’ लिहिलेल्या मुलाची ऐकण्याची चाचणी झाली का, हे आपल्याकडे क्वचितच विचारले जाते. ते विचारावे, असा या पुस्तकाचा आग्रह आहे.

रुग्णालयाच्या आत हा आजार किती पसरतो? लोकांना वाटते त्यापेक्षा खूपच कमी. रुग्णाच्या नाकातोंडातले थेंब साधारण मीटरभर अंतरापर्यंत धोक्याचे असतात, आणि योग्य प्रतिजैविक सुरू झाल्यावर २४ तासांनी तो संसर्गजन्य राहत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये १९८२ ते १९९६ या काळात रुग्णाकडून आजार झालेले फक्त तीन आरोग्य कर्मचारी सापडले. त्यांचा संबंध पेशंटच्या श्वसनमार्गातल्या स्रावांशी जवळून आलेला होता. सर्वसामान्य माणसाच्या तुलनेत त्यांचा धोका २५ पट असला, तरी मुळातला आकडा फार लहान होता. नळी घालताना, स्राव ओढून काढताना मास्क लावणे हा त्यावरचा उपाय. खरा धोका असतो घरच्यांना. एकाच खोलीत झोपणाऱ्या, एकाच ताटात जेवणाऱ्या कुटुंबात दुसरा रुग्ण होण्याची शक्यता सर्वसाधारण लोकांपेक्षा ५०० ते ८०० पट असते. पण प्रत्यक्षात उलटे घडते. असा पेशंट आला की सगळा वॉर्ड गोळ्या घ्यायला रांग लावतो, आणि दहा बाय बाराच्या खोलीत त्याच्याशेजारी झोपलेली भावंडे विसरली जातात. प्रतिबंधक गोळ्यांची यादी वॉर्डाच्या हजेरीपटावरून करायची नसते, पेशंटच्या घरच्या माणसांवरून करायची असते.

प्रयोगशाळेतल्या माणसांबद्दलही सांगायला हवे. १९८५ ते २००१ या काळात जगभरातून असे १६ तंत्रज्ञ नोंदले गेले की ज्यांना थाळीवरच्या जंतूपासून आजार झाला. त्यांतले आठ दगावले. जवळजवळ सगळ्यांनी सुरक्षा कपाटाबाहेर काम केले होते. ज्यांच्या मेहनतीवर हे सगळे शास्त्र उभे आहे, त्यांना लस आणि सुरक्षा कपाट मिळणे हा त्यांचा हक्क आहे.

खाटांमधल्या अंतराचा प्रश्नही याच विषयात येतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश बराकींतल्या साथीचा अभ्यास करताना जे. ए. ग्लोव्हर यांना दिसले की खाटा एकमेकींना भिडल्या की घशात जंतू बाळगणाऱ्या सैनिकांचे प्रमाण वाढते, ते २० टक्क्यांवर गेले की साथीची चाहूल लागते, आणि खाटांत अडीच फूट किंवा अधिक अंतर ठेवले की ते उतरते. लस आणि प्रतिजैविक दोन्ही नव्हते तेव्हाचा हा उपाय आहे. जिथे फ्लोअर बेड कायमचे झाले आहेत आणि एका खाटेवर दोन मुले झोपवावी लागतात, तिथे तो आजही तितकाच लागू आहे.

आफ्रिकेचे उदाहरण मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्याला लापेसोनी यांनी १९६३ साली ‘मेनिंजायटिसचा पट्टा’, म्हणजे मेंदूज्वराचा पट्टा, म्हटले. कोरड्या, धुळीच्या मोसमात तिथे साथ यायची आणि पहिल्या पावसाबरोबर थांबायची. १९९६ च्या साथीत अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि सुमारे २५ हजार दगावले. तिथल्या छोट्या रुग्णालयांनी मात्र मोजणी सोडली नाही. पाठीतले पाणी खास बाटल्यांत भरून राजधानीला पाठवले जाई, दर आठवड्याला लाख लोकसंख्येमागे किती रुग्ण हे जिल्हावार लिहिले जाई. या नोंदींतून ए गट हाच मुख्य शत्रू असल्याचे निर्विवाद ठरले, आणि त्या एका गटावर स्वस्त लस बनवायचे ठरले. ती लस पुण्यात बनली. जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थेच्या प्रकल्पात सीरम इन्स्टिट्यूटने अर्ध्या डॉलरहून कमी किमतीत ‘मेनआफ्रिव्हॅक’ तयार केली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत ती टोचायला सुरुवात झाली. पुढे ३० कोटींहून अधिक लोकांना ती मिळाली, आणि २०१७ नंतर त्या पट्ट्यात ए गटाचा एकही निश्चित रुग्ण सापडलेला नाही. सीरम इन्स्टिट्यूटचीच ए, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स अशा पाच गटांवरची लस २०२४ साली नायजेरियात पोचली.

पुण्यातल्या लसीने एका खंडातली ए गटाची साथ थांबवली, याचा आपल्याला अभिमान वाटायलाच हवा. पण ती लस कोणत्या गटावर हवी हे पुण्याला सांगितले ते आफ्रिकेतल्या लहान दवाखान्यांनी पाठवलेल्या नमुन्यांनी. आपल्या देशातून हजला जाणाऱ्या यात्रेकरूला चार गटांची लस घ्यावी लागते, अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत जाणाऱ्या मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्यालाही घ्यावी लागते, कारण पलीकडच्या देशांनी आपापला हिशेब केलेला आहे. आपल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ही लस नाही. ती असावी की नसावी, असलीच तर कोणत्या गटाची आणि कोणत्या वयात, याचे उत्तर मतांनी देता येत नाही. ते रुग्णालयांतल्या नोंदींतूनच येऊ शकते. रोगसर्वेक्षणाचा ‘पी’ फॉर्म डॉक्टरांच्या अंदाजावर भरला जातो आणि ‘एल’ फॉर्म प्रयोगशाळेच्या उत्तरावर. आपला ‘एल’ फॉर्म भरेल तेव्हाच धोरणाला पाया मिळेल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०३० पर्यंत जिवाणूजन्य मेनिंजायटिसच्या साथी संपवण्याचे आणि लसीने टळणाऱ्या रुग्णांतले मृत्यू ७० टक्क्यांनी कमी करण्याचे ध्येय ठेवले आहे. त्यात महाराष्ट्राचा वाटा लस बनवण्यापुरता राहू नये. निवासी डॉक्टरांनी हे पुस्तक ड्यूटीरूममध्ये ठेवावे, नमुन्यांचे प्रकरण सिस्टरांनी वॉर्डात लावावे, जिल्हा रुग्णालयांच्या अधीक्षकांनी कल्चरच्या बाटल्या कॅज्युअल्टीत चोवीस तास असतील याची जबाबदारी नाव घालून कोणावर तरी सोपवावी. ज्या पालकांच्या हाती हे पुस्तक पडेल त्यांनी ‘पाय दुखतात, हात गार पडलेत’ हे शब्द डॉक्टरांना आवर्जून सांगावेत, आणि पाठीतले पाणी काढायची वेळ आली तर संमती द्यावी. त्या तपासणीतून त्यांच्या मुलाला योग्य औषध मिळते, घरातल्या दुसऱ्या मुलाचे रक्षण होते आणि आपल्याला अजून न दिसलेल्या असंख्य मुलांसाठी कोणती लस हवी, हेही त्यातूनच कळते.